भिंगरीचा खांदा

पर्सचा पट्टा डाव्या खांद्यावरून घसरायचा आणि ती बोलता बोलता तो पुन्हा वर सारायची. लहान मुलांचे कपडे करणाऱ्या त्या कंपनीच्या दारातही तो घसरलाच. रखवालदाराने काम विचारलं. आता हिचं काम एका वाक्यात सांगायचं म्हणजे महाकठीण. लोक सॉफ्टवेअर वापरत असताना शेजारी बसून बघायचं, ते कुठे अडतात, कुठे वैतागतात, कुठे गुपचूप आडवाट काढतात ते टिपायचं, आणि नवं सॉफ्टवेअर करणाऱ्यांना ते समजावून सांगायचं. दुसऱ्याला काम करताना बघत बसायचं याला नोकरी म्हणतात, हे तिच्या आईला आजतागायत पटलेलं नाही.

इथलं सॉफ्टवेअर फार जुनं होतं. कपड्याचं चित्र, मापं, पॅटर्न, कापड, बटणं असं सगळं त्यात जायचं आणि नमुन्याचा पहिला कपडा शिवून होईपर्यंत त्यातच फिरत राहायचं. ते आता बदलायचं होतं. तिच्या ऑफिसातलं दुसरं कुणीही हे काम करू शकलं असतं. पण कंपनीचं नाव ऐकताच तिनेच ते मागून घेतलं, आणि का मागितलं ते कुणाला सांगितलं नाही. तिचे वडील इथे पॅटर्न मास्तर होते, कपडा कापायचे साचे आखणारे.

ती पहिलीत असताना आईवडील वेगळे झाले. आई तिला घेऊन दुसऱ्या शहरात राहायला गेली. काय बिनसलं होतं, हे पोरीला कोण सांगणार? सुरुवातीला बाबा एकदोनदा आले, मग येईनासे झाले. 'त्या माणसाला माणसांपेक्षा कापड जवळचं,' असं आई म्हणायची, आणि हेच ऐकत ती मोठी झाली. बाबा गेल्याची बातमी तिच्यापर्यंत आली ती सुद्धा उशिरा, कुणाकुणाच्या तोंडून. रडू आलं नाही. त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. आपण त्यांच्या खिजगणतीत तरी होतो का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. पण तसं कबूल करील तर ती आईची लेक कसली. काम ते काम, असं स्वतःला बजावत ती जिना चढली.

सॅम्पल रूमचं दार उघडलं आणि तो बजावणारा आवाज जिन्यातच राहिला. वाफेची इस्त्री, कोरं सुती कापड, खडू आणि मशीनचं तेल, या सगळ्यांचा मिळून तो एक वास. तो तिच्या नाकाने इतकी वर्षं जपून ठेवला होता, तिला न विचारता. शाळा सुटली की ती इथेच यायची. कापायच्या लांबलचक टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात तिचं घर असे. डोक्यावर कात्रीचा करकर आवाज आणि समोर बाबांच्या चपला. मधूनच एखादी फुलाफुलांची चिंधी वरून अलगद खाली यायची आणि तिला कळायचं, ही चुकून पडलेली नाही. संध्याकाळी घरी जाताना तिच्या दप्तरात पुस्तकं कमी आणि चिंध्या जास्त असायच्या.

टेबल तेच होतं. खाली आता खोकी रचली होती. ती वाकून बघत होती, तेवढ्यात कुणीतरी काय हवं म्हणून विचारलं, तर पेन पडलं म्हणाली.

खोलीवर राज्य होतं बाईंचं. मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या, आता मास्तरांच्या खुर्चीवर. गळ्यात टेप आणि बोलणंही टेपने मोजल्यासारखं. त्यांनी तिला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, 'बसा मॅडम' म्हणून खुर्ची दिली आणि पुन्हा कामात डोकं घातलं. सॉफ्टवेअरचा त्रास काय, असं तिने सगळ्यांना विचारलं. मग काय, तक्रारींचा पाऊसच. मधेच गोठतं, प्रिंट भलत्याच मजल्यावर निघते, कापडाचा रंग बदलला की बटणंही बदलतात. तिने सगळं लिहून घेतलं. पण लोक सांगतात एक आणि करतात भलतंच, हे तिला धंद्याने शिकवलं होतं. म्हणून ती दोन दिवस नुसती बघत बसली.

आणि तिला एक गंमत दिसली. नवा फ्रॉक असो, शर्ट असो, जो तो आधी 'भिंगरी' नावाची फाइल उघडायचा, पडद्यावरच्या चित्राचा डावा खांदा पकडून किंचित वर उचलायचा, आणि मग कामाला लागायचा. चष्मेवाला तरुण तेच करत होता, त्याच्या शेजारची तेच करत होती, बाईही तेच करत होत्या. देवघरात शिरताना घंटा वाजवावी तसं. त्रासांच्या यादीत मात्र हे कुणीच सांगितलं नव्हतं.

तिने चष्मेवाल्याला विचारलं, तर प्रश्नाचंच त्याला नवल वाटलं. भिंगरी म्हणजे मूळ पॅटर्न, सहा वर्षांच्या मुलाचा. मोठी मापं त्यावरून वाढवायची, छोटी त्यावरूनच कमी करायची. त्याचा डावा खांदा जरा उतरलेला आहे, म्हणून आधी तो उचलायचा. कायमचा सरळ करता येत नाही, कारण जुने कितीतरी कपडे त्याला जोडलेले, आणि परवानगी फक्त मास्तरांकडे होती. ते गेल्यावर त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. नाव भिंगरी का, ते त्याला ठाऊक नव्हतं.

तिला ठाऊक होतं. तिला त्या नावाने हाक मारणारा माणूस जगात एकच होता.

तो दिवसही तिला लख्ख आठवला. हे सॉफ्टवेअर तेव्हा नवं कोरं आलं होतं आणि चालवून बघायला एका लहान मुलाची मापं हवी होती. बाबांनी टेबलाखाली हात घालून तिला बाहेर ओढलं आणि टेबलावर उभं केलं. ती कसली स्वस्थ उभी राहते? टेप अंगाला लागला की गुदगुल्या व्हायच्या आणि ती गर्रकन फिरायची. 'भिंगरी आहेस का गं तू? सरळ उभी राहा,' असं म्हणत बाबांनी नेहमीसारखं एका खांद्यावर न भागवता दोन्ही खांदे मोजले. डावा जरा उतरता निघाला. तात्पुरती मापं, असं तेव्हा सगळे म्हणत होते. ऑफिसातली तात्पुरती गोष्ट म्हणजे बिनभाड्याचा पाहुणा, एकदा बसला की उठायचं नाव नाही.

म्हणजे गावभरच्या पोरांचे कपडे आपल्याच मापावरून. तिला हसू आलं, आणि लगेच मनाने खोट काढली. हाताशी पोर होतं म्हणून माप घेतलं, त्यात माया कसली? शेजारच्याचं पोर असतं तर त्याचं घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायचा होता. जुन्यातलं काय जसंच्या तसं न्यायचं आणि काय दुरुस्त करायचं, हे तीच सांगणार होती. खांदा सरळ करा, ही त्यातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात खरी शिफारस. एकदा केली की रोजची उचलाउचल संपली. पण तिच्याने ती ओळ लिहवेना. गाळली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. नव्या सॉफ्टवेअरमध्येही लोकांनी खांदा उचलला असता, आणि भिंगरी राहिली असती. शेवटी ती उठली आणि बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, परवानगी मास्तरांकडे होती ना? मग त्यांनीच का नाही सरळ केला?"

बाईंनी खडू खाली ठेवला. खोलीतले बाकीचे जेवायला गेले होते.

कंपनीने सरळ करायला माणूस पाठवला होता, बाई सांगू लागल्या, एकदा नाही, दोनदा. मास्तरांनी दोन्ही वेळा त्याला चहा पाजून परत धाडलं. वरच्यांनी कारण विचारलं तर म्हणाले, ज्या पोरीचं माप आहे ती आली की नवीन माप घेतो, मग बदलू. लोक हसले. पोर काय सहा वर्षांचीच राहणार होती? पण मास्तर हट्टाला पेटले. रोज आल्या आल्या आधी भिंगरी उघडायचे, काम असो नसो. खांदा उचलायचे आणि मग दिवस सुरू करायचे. त्यांचं बघून सगळ्यांना तीच सवय लागली.

"तू पहिल्या दिवशी दारात उभी राहिलीस तेव्हाच ओळखलं मी. आम्ही तोंडाआधी खांदे बघतो. म्हटलं, बघू, कधी विचारते."

"मग ते पुन्हा आले का नाहीत? मी काय परदेशात होते?"

"ते मला नाही सांगता यायचं," बाई म्हणाल्या. "महागातल्या महाग कापडाला कात्री लावताना हात नाही थरथरला त्यांचा. पण तुझ्या आईच्या दारात जायचं म्हटलं की गाळण उडायची. दोनदा स्टेशनवरून परत आले. तेवढं मला ठाऊक आहे."

तिला राग आला, चांगलाच आला. स्टेशनवरून परत फिरणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? आणि त्या रागाच्या पाठोपाठ, बातमी आली तेव्हा न आलेलं रडू आलं. बाईंनी समजूत वगैरे घातली नाही. शेजारी पडलेला कापडाचा तुकडा पुढे केला, डोळे पुसायला. फुलाफुलांचा होता.

डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, "मला लिहावं लागेल, बाई. खांदा सरळ करा म्हणून."

"लिहायलाच पाहिजे. किती वर्षं उचलायचा आम्ही?" बाईंनी गळ्यातला टेप काढला. "पण आधी इकडे ये. सहा वर्षांच्या फ्रॉकला तुझं माप काय कामाचं म्हणा, पण मास्तरांचा शब्द राहिलाय."

तिने पर्स टेबलावर ठेवली. बाईंनी मानेपासून टेप धरला, आधी उजव्या खांद्यावर, मग डाव्या. टेप गार होता आणि गुदगुल्या अजून तशाच होत होत्या.

"सरळ उभी राहा," बाई म्हणाल्या.

ती सरळ उभी राहिली. माप घेऊन होईपर्यंत जागची हलली नाही.