चौकटीवरचा गुलाबी

"ह्या काय?"

"मीठ."

"आणि ह्या?"

गुरुदासने बरणीवरून बोट फिरवलं. तिच्यावर फुगीर, टोचऱ्या टाक्यांचं विणलेलं आवरण होतं. "साकर. पण ह्या माका कशाक शिकयतंस? माका तर साकर बंद."

"म्हणानच टोचरा केलंय. हात गेलो तर कळाक होया, खंय गेलो तो."

"डागतर परवडलो गो तुज्यापेक्षा."

सुमंगलाने बरणी फळीवर सरकवली आणि नळाकडे वळली. नळालाही टोपडं होतं.

गुरुदासची साखर आधी रक्तात वाढली आणि मग डोळ्यांत उतरली. डिचोलीच्या खाणींवर ज्याने अर्धं आयुष्य टिप्पर चालवला, समोरच्या गाडीवाल्याला नुसत्या नजरेने मागे घ्यायला लावलं, त्याला आता समोरचा माणूस म्हणजे उजेडातला एक डाग दिसे. हे डॉक्टरला ठाऊक होतं आणि बायकोला. पेडण्याच्या आतल्या अंगाला असलेल्या त्यांच्या गावाचा समज वेगळा होता: गुरुदास हल्ली शिष्ट झालाय, रस्त्यात ओळख देत नाही. गुरुदासने हा आरोप आनंदाने पत्करला. शिष्ट माणसाला कुणी हात धरून रस्ता ओलांडायला लावत नाही.

पण चवथ जवळ आली होती, आणि चवथीला शिष्टपणा उपयोगाचा नव्हता. गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगायची, तिला नारळ, सुपारीचं शिपटं म्हणजे घोस, पपनसासारखं तोरिंग, रानातली फळं बांधायची, ही माटोळी. ती घरातला कर्ता बांधतो. वडील गेल्यापासून गुरुदास बांधत होता. गेल्या चवथीला त्याची एक गाठ सुटली आणि तोरिंग मूर्तीच्या अगदी हाताजवळ येऊन पडलं. फोंड्याहून आलेला धाकटा भाऊ पांडुरंग तेव्हा म्हणाला होता, "दादा, फुडल्या वर्सापासून मी बांदतंय. तुजो हात आता चलणा नाय." हात म्हणाला, डोळे नाही म्हणाला, एवढीच देवाची मेहेरबानी. या वर्षी फोनवर त्याने तेच पुन्हा काढलं.

"माटोळी मीच बांदतलंय," असं ठणकावून गुरुदासने फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "कशी, ता आता तू बघ."

सुमंगलाजवळ बघण्यासारखं एकच होतं: उरलेली लोकर.

ती क्रोशाची कामं घेई. बाळांच्या टोप्या, मोजे, शाली. शिवाय मांद्र्याच्या किनाऱ्यावर एक दुकान होतं, तिथल्या परदेशी बायकांसाठी ती चार बोटं रुंदीचे टॉप विणी. गावात मात्र ती त्यांना झबली म्हणायची. शेजारच्या संजनाने एकदा एक झबलं उलटसुलट करून पाहिलं.

"वयनी, ह्या झबल्याक पाट खंय आसा?"

"उनाळ्याचा आसा ता."

संजना अजून त्या उत्तराशी झगडते आहे.

या सगळ्या कामांतून जे उरे, टोपीला कमी आणि फेकायला जास्त, ते सुमंगलाच्या घरात मुरे. जनेलाची म्हणजे खिडकीची कडी, कदेलाची म्हणजे खुर्चीची पाठ, टीव्हीचा रिमोट, कपाटाची मूठ, मागच्या दाराचा खिटा, सगळ्यांना अंगरखे होते. जांभळ्याला पिवळा लागलेला, पोपटीला विटकरी. "वयनी, रंग तरी जुळय गो," संजना म्हणायची. "तुज्या घरात दोन घटका बसला तर माकाय कवर घालशीत."

"तुज्या तोंडाचा माप घेवन ठेवलंय," सुमंगला सांगायची.

रंगांवरून हसणाऱ्या संजनाला एक गोष्ट कधी दिसली नाही. सुमंगला लोकर निवडताना तिच्याकडे बघतच नसे. डोळे मिटून दोन बोटांत धागा चोळायची: जाड, बारीक, गुळगुळीत, चरचरीत. गरम पाण्याच्या नळाला चरचरीत, थंडला गुळगुळीत. मागच्या दाराच्या खिट्याला तीन गाठी, कारण तिथून पुढे पायरी खाली उतरते. त्या घरात संजनाला दर वेळी चहा गुरुदास स्वतः करून आणून देई, आणि ती तो पिता पिता कपाखालच्या चकतीच्या रंगाला नावं ठेवी. सुमंगला ती नावं कौतुकासारखी जमा करून घेई. संजनाचं लक्ष रंगात आहे तोवर नवरा सुरक्षित होता.

माटोळीची चौकट तिने माळ्यावरून काढून जमिनीवर मांडली. गुरुदास शेजारी मांडी घालून बसला. कुठे काय बांधायचं ते त्या घरात वडिलांपासून ठरलेलं, आणि त्याचा हात लाकडावरून ओळखीच्या रस्त्यावरून जावा तसा फिरत होता.

"हंय नाल्ल. हंय शिपटा. पण आयक, केवणीचो दोर सोडून दुसऱ्या कशान बांदूक देवचंय नाय मी." केवण म्हणजे रानातलं झाड, त्याच्या सालीचा दोर माटोळीला लागतो.

"बांदूक कोण सांगता? लाकडाक आंगठी घालतंय नुसती."

नारळाच्या जागी जाड, गाठाळ कडं. सुपारीला बारीक. तोरिंगाला टोचरं, कारण त्यानेच गेल्या वर्षी दगा दिला होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा सुमंगला रंग बघून लोकर निवडत होती. लाकडावर लाकडाचाच रंग हवा, कुणाला दिसू नये असा. तिने सगळ्या पिशव्या उपसल्या. पण बाळाला तपकिरी टोपी कोण घालतं? तपकिरी लोकर उरणार कुठून? शेवटच्या कड्यापाशी ती संपली. कांगलांच्या, म्हणजे रानफळांच्या घोसाच्या, जागेला हवा तसा धागा एकच होता: मांद्र्याच्या झबल्यातला, गुलाबी.

"झाला?" गुरुदासने विचारलं.

"झाला," ती म्हणाली. कड्याचा रंग तिने सांगितला नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी पांडुरंग बायकोला घेऊन आला. फोंड्याच्या बाजारात त्याचं कापडाचं दुकान, त्यामुळे घरात शिरताच त्याने पडद्याचं टोक बोटांत चोळून पाहिलं, सवयच. गुरुदास स्टुलावर चढलेला होता. स्टूल धरायला आणि एकेक वस्तू द्यायला सुमंगला उभी होती.

"वयनी, तू नेवऱ्यो बघ. मी देतंय."

नाही म्हणायला कारण सापडेना. ती बाजूला झाली, पण करंज्या तळायला स्वयंपाकघरात गेली नाही. दारातच उभी राहिली.

"घे नाल्ल," पांडुरंग म्हणाला. गुरुदासने एका हाताने कडं शोधलं, दोर आवळला. नारळ बसला. मग शिपटं. मग तोरिंग, त्याला त्याने गाठीवर गाठ दिली.

"दादा, हात तर झकास चलता रे!"

"टिप्पर चलयलेलो हात तो. दुकानात मीटर धरलेलो न्हय."

पांडुरंग हसला, आणि हसता हसता त्याची नजर वर गेली. "हो गुलाबी काय? लोकर? देवाच्या माटोळेक?"

"लोकर सोवळ्यातच धरतत, भावजी," सुमंगला दारातून म्हणाली. "भटजी धाबळी नेसान पूजा करतत, ती कसली असता?"

पांडुरंगने मान डोलावली. ती गुलाबी लोकर कुठल्याही मेंढीच्या अंगावर कधी नव्हती, आणि तिची भावंडं मांद्र्याच्या वाळूत कुणाच्या अंगावर होती, हे फक्त सुमंगलाला माहीत होतं. देवालाही असेल, तो काही बोलला नाही.

हसण्याच्या भरात पांडुरंगने कांगलांचा घोस न बोलता पुढे केला, उजव्या बाजूने. गुरुदासचा हात डावीकडे गेला. बोटं हवेत उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

पांडुरंगने त्या हाताकडे पाहिलं. मग टाचा उंचावून चौकटीवरचं गुलाबी कडं चिमटीत धरलं, अंगठ्याने चोळलं. शेजारचं तपकिरी चोळलं. त्याच्या शेजारचं. कापडवाल्याची बोटं ती. तो वळला आणि बरणीकडे, नळाकडे, जनेलाच्या कडीकडे एकेक करून बघत गेला, आणि शेवटी दारात उभ्या वयनीकडे.

सुमंगलाने दाराची चौकट घट्ट धरली. आता बोलणार हा.

"काय रे? दी रे," गुरुदास वरून म्हणाला. त्याचा आवाज ताठ होता, पण हात अजून हवेतच.

पांडुरंगने घोस नेऊन त्या तळहातावर टेकवला. "घे. कांगलां," तो म्हणाला. आणि मग लिलाव पुकारावा तसा प्रत्येक वस्तूचं नाव घेऊ लागला. "चिबूड! उजव्यान घे! आता तवशी! डाव्यान!"

"अवो, इतके बोबाटतात कशाक?" त्याची बायको मनीषा स्वयंपाकघरातून ओरडली.

"माटोळी बांदताव!" पांडुरंग त्याहून मोठ्याने ओरडला. "दादा बांदता! मी नुसतो देतंय!"

शेवटची गाठ आवळून झाली. चौकट भरून ओथंबली होती. गुरुदास स्टुलावर उभाच राहिला, एक पाय किंचित पुढे, जमीन किती खाली आहे याचा अंदाज घेत. सुमंगला लगबगीने पुढे झाली.

पण पांडुरंगच्या हातून काहीतरी पडलं असावं. तो स्टुलाला अगदी खेटून, पाठमोरा, गुडघ्यांत वाकला आणि जमिनीवर काहीतरी शोधू लागला. तिथे काही नव्हतं. गुरुदासचा हात खाली आला, भावाच्या खांद्यावर विसावला, मोठ्या भावाने धाकट्याच्या खांद्यावर ठेवावा तसा, आणि त्या हातावर भार देऊन तो आरामात खाली उतरला.

सुमंगलाचे पुढे केलेले हात तसेच राहिले. मग तिने ते पदराला पुसले. कोरडेच होते.