माइकवर पुकारलेलं कार्ड

भाचीच्या लग्नात मी गाढवपणा केला, आणि तोही माइकवरून.

सृष्टीनं माझ्याकडे सोलापुरात राहून शिवणकामाचा कोर्स केला होता. तिला दिली ती मेंढरं राखणाऱ्या घरात. बैठकीतच तिचे सासरे बाळासो म्हणाले होते, "मशीन आलं तर घरात बसून शिवंल. न्हायतर मेंढरांमागं चालावं लागंल." म्हणून मी आहेराला शिलाई मशीनच्या किमतीचं, पंधरा हजारांचं गिफ्ट कार्ड घेतलं. रोख दिली तर मांडवखर्चात जिरेल, हे माझं शहाणपण.

आमच्याकडे आहेर माइकवर पुकारतात. पुकारणाऱ्या कुंडलिकनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "शिवानंदमामाकडनं... ह्ये काय हाय?"

"मामानं प्लॅस्टिक दिलं की!" मांडवातून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला आणि माझं डोकं सणकलं. मी नाण्यानं कार्डामागची पट्टी खरवडली. "वाच नंबर. पिन पण वाच. पंधरा हजार हायत त्यात!" कुंडलिकनं एकेक आकडा ठणकावून वाचला. मांडव गप्प झाला. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आठ दिवसांनी सृष्टीला घेऊन नवी पेठेतल्या दुकानात गेलो. तिनं मशीन निवडलं, चाक फिरवून बघितलं. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड तपासलं आणि म्हणाल्या, "यात काहीच शिल्लक नाही. अठरा तारखेला ऑनलाइन वापरलंय."

अठरा म्हणजे लग्नाचाच दिवस.

"नंबर आणि पिन कुणाला सांगितला होता का? ते दोन्ही ज्याच्या हाती, कार्ड त्याचंच. पट्टी खरेदीच्या वेळीच खरवडायची असते."

कुणाला सांगितला होता म्हणून काय सांगू? सातशे माणूस जेवून गेलं होतं.

दुसरं मशीन घेऊन देतो, म्हणून मी बाळासोंच्या दारात गेलो. ते उठलेसुद्धा नाहीत. "रिकामं कारड देऊन चारचौघांत आमची थट्टा केली. आता तुमचं काय बी नगं."

सृष्टी घोंगडं बांधत होती. दुसऱ्या दिवशी मेंढरं निघणार होती. मी म्हणालो, "पोलिसांत जातो. चोर हुडकून काढतो."

"नगं, मामा," ती म्हणाली. "ज्यानं कुणी घेतलं, त्यानं आदी माझ्यावर अक्षता टाकल्या असतील की."