चालू ठेवलेला फ्रिज

नझीहाने सवयीप्रमाणे चेकबुक काउंटरवर ठेवले, पेनाचे टोपण काढले आणि विचारले, "सहा की आठ?"

स्फाक्स शहरात वर्षानुवर्षे हेच चालत आले होते. पुढच्या महिन्यांच्या तारखांचे चेक लिहून द्यायचे आणि वस्तू आजच घरी न्यायची. तिच्या लग्नातली गादीसुद्धा याच दुकानातून अशीच आली होती.

दुकानदार शाझलीकाकांनी चेकबुक बोटाने मागे सरकवले. "कायदा बदललाय, पोरी. तारीख कुठलीही टाक, चेक दाखवला की त्याच दिवशी वटतो. खात्यात आहेत तेवढे?"

"असते तर पेन कशाला काढलं असतं?"

"मग बँकेत जा."

"काका, घरचा फ्रिज बंद पडलाय. माझ्या पोराचं, फतहीचं इन्सुलिन शेजारणीकडे ठेवलंय, आणि ती उद्या घराला कुलूप लावून लेकीकडे निघालीय. ऑगस्टचं ऊन बघताय ना?"

काकांनी पंखा तिच्याकडे वळवला.

बँकेतली मुलगी गोड बोलत होती. "तुमच्या गिरणीत काम कमी झालंय. अर्ध्या पगारात हप्ता बसत नाही, मॅडम."

"पगार पूर्ण होता तेव्हा कर्ज घ्या म्हणून तुम्हीच फोन करत होतात."

"तेव्हा बसत होतं."

"तेव्हा लागत नव्हतं."

मुलीने पुढचा नंबर पुकारला.

नझीहा तशीच दुकानात परतली. काका हरिसाची तिखट चटणी लावलेला पाव खात बसले होते. मागे प्लास्टिकात गुंडाळलेल्या फ्रिजची रांग, गिऱ्हाईक एक नाही.

"यांचं लोणचं घालणार का, काका?"

"घालू काय? कंपनी मला उधार देत नाही, मी तुला देऊ शकत नाही. बसलोय माश्या मारत." त्यांनी काचेजवळच्या फ्रिजकडे मान हलवली. "तो नमुन्याचा. दिवसरात्र चालू असतो. औषध आण त्यात."

तासाभराने तिने इन्सुलिनची खोकी अंड्यांच्या कप्प्यात नीट लावली. दार लावताना किमतीची चिठ्ठी हाताला लागली.

"आणि हाच कुणी मागितला तर?"

"तर देईन. घर मलाही चालवायचंय."

आभार मानायला हवे होते. तिला ते जमले नाही.

बाहेर एक तरुण जोडपे काचेला नाक लावून उभे होते. बायको त्याच फ्रिजकडे बोट दाखवत होती. नवऱ्याने खिसा चाचपला, चिठ्ठी पुन्हा वाचली आणि तिचा दंड धरून तिला पुढे नेले. ती मागे वळून वळून पाहत होती.

नझीहाचा श्वास मोकळा झाला. मग तिला स्वतःचाच राग आला आणि ती उन्हातून घराकडे चालू लागली.