चाळीस दिवसांचा पाव

"फादर, क्रूस परत वाकडाच उठलाय." गाव्रीलनं पाव माझ्यापुढे धरला. गाव्रील आमच्या चर्चचा गायक. गळा मधाचा, जीभ कात्रीची. "म्हातारीनं सकाळीच आलुबुखाराची दारू लावलेली दिसतेय."

वेतुरिया एकवीस वर्षं वेदीवरचा पाव भाजत होती. आमच्याकडे हे काम निष्कलंक विधवेलाच मिळतं. हल्ली पावावर क्रूसाचा लाकडी ठसा दाबताना तिचा हात कापे, चालताना तोल जाई, शब्द अडखळत. गाव हसत होतं.

इस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या तोंडावर ती पापकबुलीला आली.

"पितेस ना, वेतुरिया?"

तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाली, "सगळेच म्हणतात, तर पीत असेन, फादर."

मी ती कबुली धरली. ठसा काढून घेतला आणि प्रायश्चित्त दिलं: चाळीस दिवस कोरडा पाव आणि पाणी.

इस्टरला ती भिंत धरत धरत आली. लेक रोदिका तिला क्लूज शहरात डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि परतल्यावर तडक माझ्या अंगणात उभी राहिली.

"आई पीत नाही, फादर. तिला गहू बाधतो."

"अगं, पण तिचं पोट तर कधी दुखलं नाही!"

"डॉक्टर म्हणाले, काहींचं पोट गप्प बसतं, मार मेंदूला बसतो. मग तोल जातो, हात कापतो, जीभ अडखळते. गहू कायमचा बंद. पण झालंय ते सगळं भरून येईलच असं नाही." तिचा आवाज खाली आला. "मी सूप घेऊन जायची. आई हात लावायची नाही. म्हणायची, फादरांचा शब्द आहे."

त्या रविवारी शुभवर्तमान गायला उभा राहिलो आणि गळ्यातून सूरच निघेना. ज्या गाण्यानं तीस वर्षं लोकांचे डोळे ओले केले, ते गाणं मला सोडून गेलं होतं. पुस्तक मिटलं. वेदीवरून उतरलो. वेतुरिया दाराजवळ, सगळ्यांच्या मागे स्टुलावर बसली होती. तिच्यासमोर मी गुडघे टेकले.

"ही बाई कधीच प्यायली नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "पाप माझं आहे. वेतुरिया, क्षमा कर."

गाव्रील जमिनीकडे बघत राहिला. वेतुरिया लाजेनं लाल झाली. वाकून पुटपुटली, "उठा हो, फादर. लोक म्हणतील, आज फादरांनीच घेतलीय."

कुणी हसलं नाही. तिनं हात पुढे केला. तो थरथरत होता. तोच धरून मी उठलो.