गाडीची खांदेमळणी

जामखेडच्या बाजूला ऊन कुणालाच सोडत नाही. माणूस काळा पडतो, पत्रा पांढरा पडतो आणि पांढरी मोटारगाडी असेल तर तिची कातडी निघते. आमच्या शेजारच्या श्रीमंतदादांच्या अंगणातल्या गाडीची तशी निघाली.

गाडी त्यांची नव्हे, लेकीची. धनश्री पुण्याला नर्स आहे. तिच्या खोलीखाली स्कूटर लावायलाही भांडावं लागतं, म्हणून गाडी आईबापांकडे. दोन उन्हाळे ती अंगणात उभी राहिली आणि टपावरच्या रंगाचे पोपडे सुटले. व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा दाखवता दाखवता दादांचा मोबाईल जरा तिरका झाला आणि धनश्रीला तो टप दिसला.

"आप्पा, ही गाडी आता आणखी खराब होणार. गिऱ्हाईक बघते मी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येते, देऊन टाकू."

त्या रात्री दादा जेवले नाहीत. वांग्याचं भरीत असूनही जेवले नाहीत, यावरून काय ते समजावं.

या माणसाने जन्मभर बैल राखले. दादांच्या बैलावर माशी बसली तर घसरते, असं लोक म्हणत आणि माशांनी त्याचा कधी इन्कार केला नाही. पुढे गुडघे गेले, शेवटची जोडी विकावी लागली, गोठा मोकळा झाला. त्यानंतर दादा गोठ्याकडे पाठ करून चहा पिऊ लागले. मग लेकीची गाडी आली आणि दादा पुन्हा पहाटे उठायला लागले. आता तीही निघाली होती.

सकाळीच त्यांनी गाडी जामखेडला गोरक्षनाथ पेंटरकडे नेली. त्याने टपावरून बोट फिरवलं.

"दादा, रंगावर काचंसारका एक थर असतो. त्यो उन्हानं मेला. आता वरून काय बी चोळा, धरायचं न्हाई. घासून नवा रंग मारायचा आन् वर परत त्यो थर द्यायचा."

"मग मार की."

"ताईस्नी इचारा. गाडी त्यांची हाय. तवर सावलीत ठिवा. कोरड्या फडक्यानं पुसू नगा, धुळीनं चरे पडत्यात. आदी पानी मारा."

विकायला काढलेल्या गाडीला नवा रंग मारू का, हे लेकीला विचारायचं धाडस दादांना झालं नाही. सावली मात्र त्यांच्या हातात होती. त्यांनी गोठ्याचं दार रुंद केलं. गव्हाण फोडायला पुष्पावतीवहिनींनी साफ नकार दिला, म्हणून गाडी गव्हाणीत तोंड घालून उभी राहिली. रोज सकाळी तिला आंघोळ. अंगावर बैलांच्या दोन जुन्या झुली, एकत्र शिवलेल्या. शिवताना वहिनी म्हणाल्या, "माज्या लग्नातला शालू पेटीत सडला, त्याची कवा इतकी काळजी केली न्हाई तुमी."

समोरच्या कडूबाई रोज एक चक्कर मारायच्या. "दादा, वैरन टाकली का?"

"टाकली. रवंथ तेवढा करीत न्हाई."

मी शहरातल्या झाकल्या पार्किंगमधल्या गाड्या पाहिल्या आहेत, साहेब लोकांच्या. इतकी निगा त्या साहेबांच्याही वाट्याला आलेली नसावी.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र दादांचे हात ऐकेनात. बैलांची खांदेमळणी करायचा तो दिवस. वहिनी गोठ्यात गेल्या, तर दादा तूप-हळदीची वाटी घेऊन टपाशी उभे.

"अवो, काय करताय?"

"खांदं मळतोय."

"हिला कुटं खांदं?"

"मग मानसं कशावर वाहती ती?" असं म्हणून त्यांनी टप हळुवार चोळला आणि बैलांना म्हणत तसंच पुटपुटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

ठरल्याप्रमाणे धनश्री आली. झूल उचलली. जिथे वरचा थर शाबूत होता तिथे टप पांढरा होता. जिथे पोपडे गेले होते तिथे हळद मुरली होती. धनश्री नर्स असल्यामुळे किंचाळली नाही.

"आप्पा, हिला कावीळ झालीय."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, श्रीगोंद्याचा कानिफनाथ. त्याने गाडीभोवती फेरी मारली, दारांवरून हात फिरवला, इंजिन ऐकलं.

"दारं तर नव्यावानी ठिवल्यात. टपाचं बघतो मी. फकस्त ही हळद?" तो हसला. "सोपं हाय. हळद उन्हानं उडती. आठ दिस उन्हात लावा, मी न्यायला येतो."

सगळे दादांकडे पाहू लागले. दादांनी खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

"राव, गाडी तिची हाय. न्यायची तर आत्ता न्या, पिवळी न्या. मी अडवनार न्हाई. पन माज्या हातानं हिला उन्हात उभी करनार न्हाई."

"आवो दादा, लोखंड हाय ते!"

"आसंल."

धनश्रीने वाकून पाहिलं. चाकांखाली पोती अंथरलेली होती. तिने दार उघडलं, आतल्या पायपुसण्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिली. धुळीचा कण नव्हता. आप्पांकडे मात्र तिने पाहिलं नाही.

"काका, चहा घेऊनच जा," ती कानिफनाथला म्हणाली. "गाडी द्यायची नाही."

तिथूनच तिने गोरक्षनाथला फोन लावला. तो म्हणाला, आजच आणा, उद्या सकाळी काम धरतो. तिने किल्ली पुढे केली. "चला आप्पा."

दादांनी दारातून आभाळाकडे पाहिलं. ऊन अगदी डोक्यावर होतं.

"कलू दे जरा."

"आप्पा, मला संध्याकाळच्या एसटीने पुण्याला जायचंय."

"मग तू व्हय फुडं. मी ऊन कलल्यावर नेतो."

धनश्री गेली नाही. चपला काढून ती गव्हाणीच्या कडेवर बापाशेजारी बसली. वहिनींनी चहा आणला. कानिफनाथनेही पोत्यावर बैठक मारली, एक घोट घेतला आणि त्याचं लक्ष बाहेर गेलं. त्याची स्वतःची निळी गाडी अंगणाच्या मधोमध तळपत होती. तो कप खाली ठेवून उठला आणि ती कडूबाईंच्या चिंचेखाली नेऊन लावली.