कोपऱ्यात लिहिलेली वाट

टेबलावरून शिवणाचं अंगुस्तान घरंगळलं, टणटण करत चुलीपाशी गेलं आणि थांबलं.

पाच वर्षांच्या सिनीने ते उचलून आईच्या मांडीवर ठेवलं. एफीचं लक्षच नव्हतं. तिच्या हातात तिचंच पत्र होतं, पाच महिन्यांपूर्वी शेटलंड बेटांवर आईला धाडलेलं. पाकिटावर परक्या अक्षरात लिहिलं होतं : घेणारी वारली, परत.

लॉरी टलक टोपी हातात घेऊन दारात उभा होता. ब्लफ बंदरातून टपालाची होडी तोच आणायचा, आणि या खाडीचं टपालघर म्हणजे एफीची पुढची खोली.

"बस ना, लॉरीकाका."

"होडी वर ओढायचीय," तो म्हणाला, पण जागचा हलला नाही.

शेटलंडच्या माणसांत पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव देतात. त्यात विचारायचं काही नसतं. पण मॅग्नसशी लग्न करून एफी न्यूझीलंडला निघाली तेव्हा तिची आई धक्क्यावर निरोपालाही आली नव्हती. तो राग मनात धरून एफीने पहिल्या मुलीला सासूचं नाव दिलं, सिनी, आणि मुद्दाम तसं कळवलंही. आईचं एक अक्षर आलं नाही. चार वर्षं गेली. मग आईच्या शेजारणीकडून कळलं, म्हातारीने अंथरूण धरलंय. तेवढ्यात धाकटी झाली. हातभर पोर, पण भुवया अगदी आईच्या. एफीने तिचं नाव ग्रिझेल ठेवलं. आईचं नाव.

पोरीला दूध पाजता पाजता, जमेल तेव्हा चार ओळी, असं करत आठवड्याभरात तिने पत्र पुरं केलं. आत जावळाची एक बट ठेवली. लॉरी टपाल न्यायला आला तेव्हा तिने त्याला बजावलं होतं.

"काका, तुझ्या बहिणीला, बेरीला, बाळाचं नाव कळवू नकोस हं. आईच्या भिंतीला भिंत लागून राहते ती. मला स्वतःला सांगायचंय."

"मी काय गावभर दवंडी पिटतो, पोरी?"

"तू मेंढ्यांबद्दल लिही."

"दर वेळी तेच लिहितो. बेरीला आता माझ्यापेक्षा माझ्या मेंढ्यांची जास्त काळजी!"

हसत हसतच एफीने पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात लिहिलं : अमेरिकेच्या वाटेने. ती सगळ्यांच्या पत्रांवर तसंच लिहून द्यायची. त्या वाटेच्या आगबोटी सुवेझच्या वाटेपेक्षा आठवडाभर लवकर पोचायच्या. सरकार त्यासाठी कंपनीला वर्षाचे हजारो पौंड मोजायचं. बोट लवकर आली तर वर बक्षीस, उशिरा आली तर दंड.

"या खेपेला कोपरा कोराच ठेव," लॉरी म्हणाला होता. "करार संपतोय. सिडनीचं सरकार त्या पैशातला आपला वाटा द्यायला तयार नाही म्हणे."

"दर खेपेला भांडतात आणि दर खेपेला पैसे देतात. टपालातलं तू मला शिकवणार?"

"नाही बाई. मी आपला वल्हं मारणारा." स्वतःच्या पत्राचा कोपरा मात्र त्याने तिला लिहू दिला नाही.

टपालाच्या थैलीवर लाखेची मोहोर लागून गेली होती. नियमाने उशिराच्या पत्राला जादा तिकीट लागतं. कुणी विचारणारं नव्हतं, तरी एफीने ते स्वतःच्या पैशाने लावलं. आईच्या पत्राला काही कमी पडायला नको.

कोपऱ्यात वाट लिहिलेली असली की पत्र त्याच वाटेने जातं. कोरं असेल तर मिळेल त्या बोटीने. या खेपेला पैशांची घासाघीस लांबली, अमेरिकेची बोट सुटलीच नाही, आणि वाट लिहिलेली पत्रं ऑकलंडच्या टपालघरात तीन आठवडे बांधून पडली. लॉरीचं कोऱ्या कोपऱ्याचं पत्र मात्र सुवेझकडे जाणाऱ्या संथ बोटीने केव्हाच पुढे निघालं होतं.

"बेरीचंही पत्र आलंय आज," लॉरी आता दारातूनच म्हणाला. "मी होडीतच फोडलं. तुला वाचून दाखवू की..."

"वाच."

त्याने खिशातून पत्र काढलं. "'तुझं पत्र आलंसं कळलं तशी म्हाताऱ्या ग्रिझेलने मला बोलावून घेतलं. म्हणाली, वाच. मेंढ्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, एफीच्या घरचं काही? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, पुन्हा एकदा बघ, पाठीमागे लिहिलं असेल. चार दिवसांनी गेली. एफीचं पत्र त्यानंतर बारा दिवसांनी आलं.'"

त्याने कागदाची घडी घातली. "एक ओळ, पोरी. एक ओळ लिहिली असती मी."

"मीच नको म्हटलं होतं, काका."

तो खाली मान घालून होडीकडे गेला. एफीने पाकीट फोडलं. जावळाची बट कागदाला चिकटली होती. पाळण्यातली पोर आता त्याहून गडद केसांची झाली होती.

सिनी टेबलाला रेलून सगळं ऐकत होती. तिने बटेला बोट लावलं.

"हे बाळाचं? आजीला द्यायचं होतं?"

"हो."

"बाळाला आजीचं नाव दिलं म्हणून?"

"हो, राणी."

सिनीने आईच्या मांडीवरचं अंगुस्तान उचलून आपल्या बोटात घातलं.

"मग मी तर आधी आले होते ना, आई? मला का नाही दिलंस ते नाव?"