एका मण्याचे दोन

सुई पुन्हा मण्याच्या कडेनं निसटली आणि समोर बसलेल्या लीलाबाईंनी गळ्याला हात लावला. गळ्यात नुसता हळकुंडाचा दोरा होता. मंगळसूत्र नव्यानं ओवायला दिलं की ते होईस्तोवर बाईनं दुकानातच बसायचं, तसल्या गळ्यानं रस्त्यावर यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. म्हणून पटवेकऱ्याचा हात झपाझप चालायला हवा. आमच्या ह्यांचा चालायचा. राम आळीत त्यांच्यासारखी पोत ओवणारा दुसरा नव्हता. हे मी बायको म्हणून नाही, पटवेकऱ्याची लेक म्हणून सांगते.

त्या दिवशी मात्र लीलाबाई चुळबुळ करून कंटाळल्या. शेवटी एकदाची गाठ बसली, पण ह्यांना दोऱ्याचे दोन दोरे दिसत होते आणि फास पडला तो नसलेल्या दोऱ्यावर! बाई घरी पोचल्या आणि मंगळसूत्र वाढलं. तुटलं म्हणू नये, वाढलं म्हणावं. पण शब्द बदलून सासूचं तोंड थोडंच बंद होतं? ती दुकानासमोर उभी राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलून गेली.

"दुकान बंद करू, गोदे," हे म्हणाले. "मणी जवळ धरला की एकाचे दोन होतात. कुणाच्या तरी सौभाग्याचं पाप लागलंय माझ्या डोळ्यांना."

मला असा राग आला! देवाला काय दुसरी कामं नाहीत?

तेव्हा मुंबईचे डोळ्यांचे डॉक्टर चारुदत्त आमच्या गावातल्या शाळेच्या पडवीत बसून पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे डोळे तपासत होते. कुठल्या वयात डोळे आत किती वळतात, हे त्यांना पाहायचं होतं. मी ह्यांना ओढतच नेलं. चष्मा आहे की मला, म्हणून वाटभर कुरकुरले. चष्म्यानं मणी मोठा दिसायचा, पण दिसायचे दोनच.

डॉक्टर पेन्सिल हळूहळू नाकाकडे आणायचे आणि एकीच्या दोन झाल्या की सांगा म्हणायचे. पोरांच्या नाकाला टेकेपर्यंत ती एकच. मला नाकापासून तीन बोटांवर दोन दिसल्या. होडीवाला म्हातारा भागोजी वीतभर लांबूनच दोन म्हणाला. आमचे हे मात्र पेन्सिल नाकाशी आली तरी "एकच हाय" म्हणून अडून बसले.

डॉक्टर हसले. "काका, तोंड एक म्हणतंय, पण तुमचा उजवा डोळा कधीच बाहेर पळालाय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जवळचं बघायला दोन्ही डोळ्यांना जोडीनं आत वळावं लागतं. वय वाढेल तसं ते वळणं ढिलं होतं, गावोगाव हेच दिसतं. ह्यांचे डोळे वयाच्या मानानं जरा आधी थकले होते, एवढंच. काम लांब धरा, मधेमधे डोळ्यांना विसावा द्या, म्हणाले.

परतताना हे म्हणाले, "म्हणजे भागोजीचेपण असेच?"

"सगळ्यांचेच."

"मग पाप नाय."

"पाप कसलं डोंबलाचं!"

दुकान बंद झालं नाही. गिऱ्हाइकांच्या पोती मी ओवायला लागले. मला भीती होती ती ह्यांच्या मानाची. पण पुढं लीलाबाईच आल्या, तेव्हा हेच त्यांना सरळ म्हणाले, "माझ्या डोळ्यांचं वय झालं, वहिनी. आता ही ओवते." सुईत दोरा घालायचं निमित्त करून मी मान खाली घातली.

भाद्रपदात माझीच पोत वाढली. भात शिजायच्या आत मी ती ओवून गळ्यात घातली असती. पण मी हळकुंड बांधलं, मणी ह्यांच्यापुढं ठेवले आणि गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन बसले.

"तूच ओव गो. मला येळ लागंल."

"लागू दे."

ह्यांनी पाट दाराच्या उजेडात सरकवला. हात लांब करून मणी धरला. दोन झाले की डोळे मिटायचे, थांबायचे, पुन्हा धरायचे. कोण कोण पोती घेऊन आलं. उद्या या, म्हणून मी परत पाठवलं. दुपार कलली, ताटं झाकलेलीच राहिली. हे घामानं भिजले होते, पण सुई खाली ठेवत नव्हते. मी तशीच बसून राहिले.